कर्जफाइल ऐकताना: एका पतसंस्थेतल्या वाचनसोयीच्या नोंदी

कोल्हापुरातल्या एका मध्यम आकाराच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी संगणकाचं काम बघतो. आमच्याकडं दोघांना वाचनाची अडचण आहे. कर्ज विभागातल्या ताई जन्मापासून पूर्ण अंध. वसुलीचे अण्णा नोकरीला लागले तेव्हा व्यवस्थित बघत होते. रेटिनायटिस पिगमेंटोजामुळं आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग बाजूचं. आता नळीतनं बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. दोघांना स्वतःचं काम स्वतः वाचता यावं यासाठी जे केलं त्याच्या या नोंदी. दुसऱ्या कुणाला आपल्या ऑफिसात हेच करायचं असेल तर पैसे कुठं घालू नयेत एवढं तरी कळेल.

3 जून

मशीन घ्यायच्या आधी ताईंच्या टेबलावर कोणता कागद येतो ते बघायचं ठरवलं. दिवसभराचे कागद गोळा करून जमिनीवर गठ्ठे लावले. एक गठ्ठा कर्जअर्ज आणि जामीनदारांचे कागद: सातबारा, आठ-अ, पगार दाखला. दुसरा हातानं लिहिलेला: शाखांचे शेरे, मूल्यांकनाचे अहवाल. तिसरा बाहेरून आलेली पत्रं. चौथा आमचाच: परिपत्रकं, थकबाकी याद्या, सभेच्या टिपण्या.

चौथा गठ्ठा सगळ्यात उंच निघाला. तोही आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, संगणकावर टाइप झालेला. छापायचा, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचा, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचा आणि मग खालच्या मजल्यावर शिपाई मामांना हाक मारून ताईंना वाचून दाखवायला सांगायचं. मामा मोकळे असले तर काम होतं. नसले तर ताई बसून.

मॅनेजरांना स्कॅनरची मागणी हवी होती. मी म्हटलं, थोडं थांबूया.

5 जून

ताईंच्या संगणकावर एनव्हीडीए बसवला. पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर; मोफत, मुक्त-स्रोत. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केला, ते स्वतः अंध आहेत. सोबत ईस्पीक या मजकूर बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. बसवायला चहा होईस्तोवर झालं.

आवाज यंत्राचा आहे हे पहिल्या शब्दाला कळतं. कॅशिअर म्हणाले, असला आवाज दिवसभर ऐकून डोकं उठेल, जरा गोड आवाज बघा. ब्राउझरमधले ऑनलाइन मराठी आवाज खरंच जास्त नैसर्गिक आहेत, ताईंना ऐकवले. त्या म्हणाल्या, "गोड बिड काय नको ओ. ह्यो वेगात लावला तरी शब्द तुटत न्हाई. मी ऐकतो की ह्यावरच." त्यांनी वेग इतका वाढवला की आम्हाला एक अक्षर कळेना. तसाही ऑनलाइन आवाज चालला नसता. मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो, आणि आमच्या मजकुरात खातेदाराचं नाव, पत्ता, थकबाकी असते.

एक सेटिंग लक्षात ठेवा. मराठी आवाज निवडला की मधे आलेले इंग्रजी शब्दही तो वाचतो. इंग्रजी आवाज निवडून देवनागरी वाचायला लावलं तर मात्र काही खरं नाही. आमच्या फाइली खिचडी असतात, म्हणून मूळ आवाज मराठीच ठेवला.

11 जून

आज वरच्या मजल्यावरून परिपत्रकाची मूळ फाइल मागवली, स्कॅन नव्हे. ताईंनी उघडली आणि यंत्र इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टक्क्याची चिन्हं असलं काहीबाही बडबडायला लागलं. पडद्यावर तर स्वच्छ मराठी.

कारण जुना फॉन्ट. आमच्या टायपिस्ट बाई वीसेक वर्षं जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत; जुन्या फॉन्टमध्ये ती नाही. त्यात फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फक्त त्यावर मराठी अक्षरांची चित्रं चढवलेली असतात. डोळ्याला मराठी, यंत्राला कचरा. तुमच्या ऑफिसात तपासायचं असेल तर सोपं आहे: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी राहिली तर युनिकोड, इंग्रजी चिन्हं दिसली तर जुना फॉन्ट.

बाईंना म्हटलं, आजपासून युनिकोडमध्ये टाइप करा. त्या म्हणाल्या, माझी बोटं त्या कळपाटावर बसलेली आहेत, आता निवृत्तीला किती वर्षं राहिली ते तुम्हीच मोजा. त्यांचंही खरं होतं. युनिकोडसाठी टाइपरायटर पद्धतीची कळरचना मिळते, म्हणजे बोटं त्याच जागी. ती बसवून दिली. दोन-तीन जोडाक्षरं वेगळ्या कळांवर आहेत, ती कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली. पहिले काही दिवस बाईंचा वेग पडला आणि त्याबद्दल माझा उद्धार झाला.

18 जून

पुढचं युनिकोडमध्ये येईल, पण मागचं काय? ताईंना जुन्या ठरावांचे संदर्भ रोज लागतात. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे रूपांतरक मोफत मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. आमच्या फॉन्टचा मिळाला तो अर्धवट, म्हणून उरलेला स्वतः भरला. इथं वेळ गेला.

अक्षराला अक्षर बदललं की झालं असं वाटतं. होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं: जुन्या पद्धतीत तो शेवटी येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. नुसता तक्ता लावला की "कर्ज"चं "कजर्" होतं. पतसंस्थेच्या फाइलीत कर्ज हा शब्द किती वेळा येतो ते सांगायला नको. ताई एक पान ऐकून म्हणाल्या, "सगळीकडं कजर कजर चाललंय."

नियम असा बसवला. वेलांटी सापडली की तिला पुढच्या पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडं न्यायची, नुसत्या पुढच्या अक्षराच्या नव्हे. नाहीतर "स्थिती"मधली वेलांटी अर्ध्या स वर जाऊन बसते. रफार सापडला की मागं यायचं, मधे काना-मात्रा-वेलांटी असेल तर ती ओलांडायची आणि जोडाक्षराच्या सुरुवातीला र् टाकायचा. हा क्रमही महत्त्वाचा: आधी वेलांट्या हलवायच्या, मग रफार.

मग "शेतकऱ्यांना". तक्त्यानं त्याचं "शेतकर्यांना" केलं, आणि यंत्र ते "आचार्यांना" म्हणावं तसं जोर देऊन वाचायला लागलं. आमचे निम्मे कर्जदार शेतकरी. हा ऱ्या युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळं शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा सुटतो. सगळीकडं एकच तऱ्हा केली तेव्हा कुठं ताईंचा शोध लागायला लागला.

26 जून

आता स्कॅनर. बाहेरून येणारा कागद तर आपल्या हातात नाही. कागद आपोआप ओढणारा स्कॅनर शाहूपुरीतल्या दुकानातून आणला, 22,000 च्या आसपास. ओसीआरसाठी, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करण्यासाठी, टेसरॅक्ट: मोफत, इंटरनेटशिवाय चालतो, मराठीची प्रशिक्षित फाइल मिळते. भाषा देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्यायच्या, एकटी मराठी दिली तर इंग्रजी नावांचा चुराडा होतो. प्रशिक्षित फाइल "फास्ट" आणि "बेस्ट" अशा दोन मिळतात; आम्ही हळू चालणारी बेस्ट घेतली. स्कॅन 300 डीपीआय, करड्या छटेत. निव्वळ काळा-पांढरा स्कॅन केला की पुसट अनुस्वार उडतात आणि "आहेत"चं काही बिघडत नाही, पण "त्यांचे"चं "त्याचे" होतं. जामीनपत्रात हा फरक चालत नाही.

लेझर प्रिंटरचा कागद छान वाचला. डॉट मॅट्रिक्सचा पगार दाखला, तोही रिबन म्हातारी झालेली: शिरोरेषा तुटक, त्यामुळं शब्दाचे तुकडे. भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल. सहीवर पडलेला जांभळा शिक्का म्हणजे तेवढा भाग गेलाच समजा. हस्ताक्षराला तर हातच लावायचा नाही.

त्यातून एक नियम केला तो सगळ्यांना सांगतो: ओसीआरनं वाचलेल्या आकड्यावर कुठलीही रक्कम मंजूर करायची नाही. आपल्याकडं कर्जाच्या कागदात रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहायची पद्धत आहे, तिचा इथं उपयोग झाला. ताई दोन्ही ऐकतात. जुळलं तर पुढं, नाहीतर माणसाकडून वाचून घेणं. 3 चा 8 होतो, पण "तीन लाख"चं "आठ लाख" होत नाही.

10 जुलै

पावसानं कागद दमट झालेत. स्कॅनर एकावेळी दोन-दोन पानं ओढतो आणि मधलं पान गेलं हे न बघणाऱ्याला कळत नाही. ही गोष्ट गंभीर आहे. ताईंनी एका फाइलीत जामीनदाराची स्वाक्षरी नाही असा शेरा मारला. पान होतं, स्कॅन झालं नव्हतं. शाखेतून फोन आला, आवाज चढला.

उपाय: फाइल लावण्याआधी मामा पानं मोजून पहिल्या पानावर आकडा लिहितात, स्कॅन झाल्यावर यंत्र पानांची संख्या बोलतं. जुळली नाही तर परत. दमट गठ्ठा आधी पंख्याखाली पसरून ठेवायचा. टाचण्या आणि स्टेपल काढायच्या, हे सांगायला नको असं वाटलं होतं, पण सांगावं लागतं.

16 जुलै

अण्णांचा विषय इतके दिवस मागं पडला होता. त्यांच्यासाठी मोठा मॉनिटर घ्यायचा निर्णय वरूनच झाला होता आणि तो आलासुद्धा, 27 इंची, 17,000 रुपये. अक्षरं तीनपट मोठी करून दिली. अण्णा दहा मिनिटं बसले आणि उठले. "पोरा, आधी निदान अख्खा शब्द दिसायचा. आता एकच अक्षर दिसतंय."

त्यांची मधली नजर अजून बरी आहे, अडचण आहे ती दृष्टिक्षेत्राची. अक्षर मोठं केलं की त्या छोट्या खिडकीत मावतं कमी. मोतीबिंदूसारख्या धूसर नजरेला मोठं अक्षर चालतं, इथं उलटं. हे डोळ्याच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारून आधी कळलं असतं. मॉनिटर आता सभागृहात सादरीकरणाला वापरतात.

अण्णांना उपयोगी पडलं ते असं. अक्षर नेहमीच्या आकाराचं, पण पडदा काळा आणि अक्षरं पिवळसर पांढरी. माउसचा बाण मोठा आणि गडद, कारण तो हरवला की शोधायला वेळ जातो. ओळी अरुंद, अर्ध्या पडद्याच्या रुंदीच्या, म्हणजे ओळीच्या टोकाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येताना चुकत नाही. कागदासाठी भाऊसिंगजी रोडवरून काळी कार्डशीट आणली, 20 रुपये, आणि तिच्यात एका ओळीएवढी लांबट खिडकी कापली. ती कागदावर ठेवून खाली सरकवत जायची. पांढऱ्या कागदाची चमक झाकली जाते आणि ओळ सुटत नाही. टेबल लॅम्प डाव्या बाजूनं, डोळ्यात न येणारा. वसुली विभागाला सांगितलं की अण्णांकडं जाणाऱ्या कागदावर निळ्या बॉलपेननं लिहू नका, काळं जाड पेन वापरा.

सगळं मिळून मॉनिटरच्या दहाव्या हिश्शातही आलं नाही.

मॅनेजर अजून म्हणतात, "त्यांना दिसतंय की, परवा माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं सांगितलं." बटण दिसतं आणि शेजारचं स्टूल दिसत नाही, असाच हा आजार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये नुसती नजरेची तीक्ष्णता धरलेली नाही. दृष्टिक्षेत्र 10 अंशांपेक्षा कमी असेल तर तेही अंधत्वात मोजतात, आणि 40 अंशांपेक्षा कमी ते 10 अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी. अण्णांच्या प्रमाणपत्राची प्रत काढून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली. त्यानंतर बटणाचा विषय निघाला नाही.

23 जुलै

ताईंना काउंटरवर आलेला एकटा कागद चटकन वाचायचा असतो, त्यासाठी स्कॅनरपर्यंत जाणं जिवावर येतं. फोननं फोटो काढून वाचता येतं, पण न दिसणाऱ्या माणसाला फोन कागदावर सरळ कसा धरायचा? कोपरा कापला जातो, बोट मधे येतं.

उद्यमनगरमधल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींना कागदावर चित्र काढून दाखवलं: खाली लाकडी फळी, तिच्या दोन कडांना लोखंडी पट्टीचा गुण्या, वर आडवा दांडा आणि त्यात फोन अडकवायची खाच. कागदाचा कोपरा गुण्यात बोटानं चाचपून बसवायचा म्हणजे प्रत्येक वेळी जागा तीच. मिस्त्री म्हणाले, फोनची उंची सांगा. आम्ही फोन हातात धरून ए-फोर कागद पूर्ण मावतो तिथं दोरी लावून मोजली. 850 रुपयांत झालं, पावडर कोटिंगसकट. कोल्हापुरात राहायचा हा फायदा. असलं स्टँड ऑनलाइन शोधत बसायची गरज नाही.

पहिल्या दिवशी फोनचीच सावली कागदावर पडत होती. दांड्याच्या दोन्ही बाजूंना छोटे एलईडी लावले.

1 ऑगस्ट

हाताचं लिखाण माणसानंच वाचायचं, हे आता मान्य केलं. मूल्यांकनाचे अहवाल आणि शाखांचे शेरे आमच्याकडचं सॉफ्टवेअर वाचणार नाही. पण "कोण मोकळं आहे रे" हा प्रकार बंद केला. दोन क्लार्क ठरवले, आलटून पालटून, रोज अकरा ते बारा. ती त्यांची कामाची वेळ, उपकार नाही. हजेरीपत्रकावर तसं लिहिलं.

वाचायचं कसं हे ताईंनीच ठरवून दिलं. आधी कागद कुणाचा, तारीख काय, किती पानं, शिक्का आहे का. मग आहे तसं वाचायचं. "बाकी काय विशेष नाही" असं म्हणायचं नाही. विशेष आहे की नाही ते ताई ठरवतील. खोडलेलं असेल तर खोडलंय असं सांगून त्याखालचं दिसेल तेवढं वाचायचं. वाचता येत नसेल तर वाचता येत नाही असं म्हणायचं, अंदाज ठोकायचा नाही. खातं क्रमांक सुटा-सुटा. आवाज हळू, कारण काउंटरवर खातेदार उभे असतात. फोनवर रेकॉर्ड करायचं नाही.

एका क्लार्कला सवय होती वाचता वाचता स्वतःचं मत घालायची: "हा काय फेडणार नाही बघा." ताईंनी दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "ते कुठल्या ओळीत लिहिलंय?"

9 ऑगस्ट

उच्चारकोश. एनव्हीडीएमध्ये एखादा शब्द कसा बोलायचा ते भरून ठेवता येतं. आमच्या कागदात संक्षेपांचा सुकाळ. "रा." म्हणजे राहणार, "मु.पो." म्हणजे मुक्काम पोस्ट, सातबाऱ्यावरचं "हे.आर." म्हणजे हेक्टर आर. हे सरळ भरले. "ता." नं घोळ घातला: "ता. करवीर" मध्ये तालुका आणि "ता. 12" मध्ये तारीख. नियम दिला: पुढं अंक आला तर तारीख, अक्षर आलं तर तालुका. अजून तरी चुकलेलं नाही.

खातं क्रमांक हा दुसरा त्रास. बारा आकड्यांचा क्रमांक यंत्र अब्ज-कोटी लावून वाचायला जातं. सलग बारा अंक सापडले तर तीन-तीनचे चार गट पाडून वाच, असा नियम घातला. सगळेच अंक सुटे करायचे नाहीत, नाहीतर 1,25,000 ही रक्कमसुद्धा एक दोन पाच शून्य अशी ऐकू येते. रकमेत स्वल्पविराम असतात, त्यामुळं ती या नियमात सापडत नाही.

20 ऑगस्ट

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर. हे आधीच लिहायला हवं होतं, पण रोज उद्यावर ढकललं, कारण उपाय माझ्या हातात नव्हता. वरच्या पट्टीत चित्रांची बटणं आहेत. पडदावाचक प्रत्येकावर नुसतं "बटण" म्हणतो. बटण, बटण, बटण. पुरवठादाराला बटणांना नावं द्या म्हणून मेल केला. आधी उत्तर नाही, मग "वेगळं डेव्हलपमेंट" म्हणून 35,000 रुपयांचं कोटेशन.

पैसे दिले नाहीत. त्यांच्याच तांत्रिक मुलाला फोनवर विचारलं तेव्हा कळलं की जवळपास प्रत्येक बटणाला कीबोर्डवरून दाबायचा कळसंच आहे, फक्त कुठं लिहिलेला नाही. त्यानं यादी पाठवली. ताईंनी ब्रेल पाटीवर उतरवून घेतली, उजवीकडून डावीकडं टोचत, आणि ड्रॉवरला लावली.

एक खिडकी मात्र अडकलीच. थकबाकीचा अहवाल पडद्यावर चित्र म्हणून उघडतो, त्यात वाचण्यासारखा मजकूरच नाही. तो एक्सेलमध्ये काढायची सोय मेनूत खोल दडलेली होती. काढला, तर एक्सेलमध्ये मथळ्याचे चौकोन जोडून ठेवलेले, त्यामुळं यंत्राला कळेना की हा आकडा मुद्दलाचा की व्याजाचा. जोडलेले चौकोन सोडवले, पहिली ओळ मथळ्याची आहे हे एनव्हीडीएला सांगितलं. आता ताई त्या रकान्यात आल्या की "थकीत व्याज" म्हणून आकडा ऐकू येतो. हे दर महिन्याला हातानं करावं लागायचं, म्हणून एक मॅक्रो, म्हणजे तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला.

2 सप्टेंबर

एका कानाचा इयरफोन आणला, 450 रुपये. दोन्ही कान झाकले की काउंटरवरचा माणूस ऐकू येत नाही. एका खातेदारानं तक्रार केली की मॅडम गाणी ऐकत बसतात. ताईंनी इयरफोन काढून त्याच्या हातात दिला. त्यानं ऐकलं, वेगातलं काहीच कळलं नाही, "बरं बरं" म्हणून निघून गेला.

ताईंचा पडदा आता काळा ठेवतो. एनव्हीडीएमध्ये ती सोय आहे. ताईंना पडदा लागत नाही, आणि मागं उभ्या माणसाला दुसऱ्याचं खातं दिसत नाही.

12 सप्टेंबर

मासिक सभा. जूनपासून जो मुद्दा मांडायचा होता तो आज मांडला: वरच्या मजल्यावरून खाली येणाऱ्या प्रत्येक कागदाची युनिकोड मजकुराची फाइल त्याच्या सोबत आली पाहिजे. चेअरमन साहेब म्हणाले, सही-शिक्क्याशिवाय परिपत्रक कसं खरं मानायचं? त्यांना सांगितलं, खरा कागद सहीचाच राहू दे, तो दप्तरी जाईल. फाइल फक्त वाचायला, जावक क्रमांक दोन्हींवर एकच. एका संचालकांनी विचारलं, दोन माणसांसाठी सगळ्यांनी पद्धत बदलायची का? उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. गडहिंग्लज भागातल्या शाखेचे संचालक म्हणाले, व्हॉट्सअॅपवरचा फोटो आम्हालाही वाचता येत नाही, चष्मा लावूनसुद्धा.

दिव्यांग हक्क कायद्याचाही विषय निघाला. कलम 20 मधली वाजवी सोयीची सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे आणि आम्ही सरकारी नाही, हे वकिलांनी आठवणीनं सांगितलं. पण कलम 21 प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण ठरवायला सांगतं, हेही त्यांनीच सांगितलं. ठराव झाला.

14 ऑक्टोबर

महिन्याभरात फरक दिसला. अकरा ते बारा हा तास आता अनेकदा साडेअकरालाच संपतो. उरतं ते खरोखरचं हाताचं लिखाण. स्कॅनर घेतल्यावर एवढा फरक पडला नव्हता, ठरावानंतर पडला. कुणाला एकच गोष्ट करायला पैसे किंवा वेळ असेल तर स्कॅनरच्या आधी टायपिस्टच्या टेबलाकडं जा.

अडलेलं: सरकारी पोर्टलवरचं चित्रातलं कॅप्चा. आवाजातला पर्याय असेल तिथं ताई करतात, नसेल तिथं मला हाक मारतात. व्हॉट्सअॅपवर फोटो अजून येतात, बहुतेक रविवारी. पुरवठादाराचं कोटेशन तसंच पडून आहे. अण्णांना संध्याकाळी पाचनंतर जिन्यात दिसत नाही, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी मारायची मागणी दिली आहे.

21 ऑक्टोबर

ताईंचा संगणक बिघडला, विंडोज नव्यानं टाकावं लागलं आणि ऑगस्टपासून भरलेला उच्चारकोश गेला. "ता. करवीर" परत "ता करवीर". सुदैवानं एक जुनी प्रत माझ्या संगणकावर चाचणीसाठी घेतलेली होती, त्यातून बरंच परत आलं, नंतर भरलेले शब्द ताईंनी आठवून सांगितले. एनव्हीडीएच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये उच्चारकोशाचं वेगळं फोल्डर असतं. त्याची प्रत आता दर शनिवारी सर्व्हरवर जाते, रूपांतरकाच्या तक्त्यासोबत. हुपरी शाखेत एक अंध टेलिफोन ऑपरेटर पुढच्या महिन्यात रुजू होताहेत. त्यांच्या संगणकावर हेच दोन फोल्डर टाकून सुरुवात करणार आहे.